ठकीची दोन बोटं

उधवा गावची ठकी तोंडाची फटकळ, पण शब्दाची पक्की. सकाळी आधी मिश्री, मग जग. लेक वर्षा म्हणायची, मिश्रीशिवाय आई चूलसुद्धा ओळखत नाही. त्या ठकीने मिश्री सोडली, ती नवऱ्याच्या, सुक्याच्या पायासाठी.

नोटा बंद झाल्या त्या वर्षी सुक्याच्या मांडीतली रक्तवाहिनी तुंबली. चार पावलं चालला की पोटरी धरून बसायचा. बिड्यांची करणी, दुसरं काय! त्याची स्वतःची शीर जोडायला कामाची निघाली नाही, म्हणून गुजरातेतल्या मोठ्या इस्पितळात डॉक्टरांनी मांडीपासून गुडघ्यापर्यंत कृत्रिम नळी घातली, रक्ताला वेगळी वाट करून दिली. "नळी परकी आहे, मावशी. बिडी ओढली तर तुंबणार," ते म्हणाले. मग ठकीची दोन बोटं सुक्याच्या पावलावर ठेवून त्यांनी ठोका दाखवला. तो लागतोय तोवर रक्त पोचतंय.

घरी येताच दोघं गावाबाहेर वाघदेवाच्या दगडापुढे उभी राहिली. सुक्याने बिडी सोडल्याची शपथ घेतली. त्याला एकट्याला जड जाईल म्हणून ठकीने मिश्री सोडली. डोकं ठणकायचं, चिडून भांडी आपटायची, पण डबी फेकली ती फेकलीच. रोज सांजेला सुक्या पाय पुढे करायचा, ठकी बोटं ठेवायची. ठोका लागला की तिला भाकर गोड लागायची.

दोन वर्षांनी भातकापणीच्या दिवसांत ठोका लागलाच नाही. पाऊल गार पडलेलं. इस्पितळात डॉक्टरांनी पहिलं विचारलं ते बिडीचं, आणि ठकी भडकली.

"माझ्या पोरीची आण, एक झुरका घेतला नाही यानं. तुमचीच नळी खोटी!"

अख्खा वॉर्ड ऐकत होता. सुक्या छताकडे बघत राहिला.

उद्यापर्यंत औषधाने नळी मोकळी झाली नाही तर पाय काढावा लागेल, असं डॉक्टरांनी सांगितलं. वर्षाला बापाजवळ बसवून ठकी गावी धावली, कोंबडा काखोटीला मारून वाघदेवाकडे गेली. तिथे कोंबडा हातातून सुटला आणि दगडामागे शिरला. देवाच्या पाठीमागे कोणी जात नाही, तशी रीतच. पण कोंबडा धरायला ठकी गेली. तिथे थोटकांचा खच पडलेला, आणि कपारीत तिच्याच जुन्या लुगड्याच्या तुकड्याची पुरचुंडी. आत बिड्या आणि काडेपेटी.

इथे कोण बघायला येतंय, असा मेल्याने विचार केला असणार! केसाने गळा कापला, तोही देवाच्या आडोशाने. आणि हिने भर वॉर्डात पोटच्या पोरीची आण घेतली होती. कोंबडा तिने तसाच सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी पाय काढायचं ठरलं. ठकीने पुरचुंडी त्याच्या पांघरुणावर ठेवली. सुक्या रडायला लागला, दिवसाला एखादीच ओढायचो म्हणाला. मग सवयीने त्याने ते काळंनिळं पाऊल तिच्याकडे सरकवलं.

"एकदा बघ ना. लागंल ठोका."

ठकीने दोन्ही हात पदरात गुंडाळले.

"तुझा तू बघ," ती म्हणाली, आणि डॉक्टरांची माफी मागायला गेली.