भांगातलं गणित

"ही कोळीण भांग पिऊन गणित सोडवणार म्हणते."

विभागप्रमुखांनी माझा कागद वर धरून सगळ्यांना दाखवला. वर्ग खदाखदा हसला. पुढच्या बाकावरच्या मुलींनी तोंडाला पदर लावले. आणि मीही हसले.

जिल्ह्याच्या लहान कॉलेजात दोन वर्षं काढून, बदली घेऊन मी मुंबईच्या त्या मोठ्या विद्यापीठात आले होते. मुख्य विषय गणित मिळावा, एवढ्यासाठीच. गणित गेलं की बदलीच फुकट. पहिल्या सहामाहीत काय काय झेपेल, ते नव्या मुलांनी लिहून आणायचं होतं. मी आठवडाभर खपले. विषय तीनच घेतले. पनवेलच्या खाडीवर आमचं घर. अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं, बाच्या जाळ्याला मासळी लागते, ती निवडायला-सुकवायला आईला माणूस लागतं. ते दिवस घरी जायचं. अष्टमीच्या आसपास पाण्याला ओढ नसते. त्याला आम्ही भांग म्हणतो. ते दिवस मोकळे. म्हणून लिहिलं होतं: 'उधाण – घर. भांग – गणित.' यापेक्षा शहाणं वेळापत्रक त्या वर्गात कोणाचंच नव्हतं, हे मी आजही छातीठोकपणे सांगते.

त्यांनी लाल पेन्सिलीने गणितावर काट मारली. वर एक हलका विषय लिहिला.

"तुमच्या लोकांना एवढंच झेपतं. सोमवारी खाली सही करून आण, मग मी माझी करतो."

तुमच्या लोकांना. मी मान डोलावली. तेही केलं मी.

शनिवारी घरी आले. आई टोपली धूत होती. तिला सगळं सांगितलं. वाटलं, त्या माणसाला शिव्या घालेल. तिने हात थांबवले.

"त्याला भांग ठाव नाय. मंग तू कशाला हसलीस?"

अंगाची आग झाली. त्यांचा राग होताच, त्याहून माझा स्वतःचा जास्त आला. आमच्या घरातला रोजचा शब्द त्यांनी गुत्त्यात नेऊन बसवला, आणि मी दात काढले.

सोमवारी नवा कागद त्यांच्या टेबलावर ठेवला. शब्द न् शब्द तोच. भांग तेवढा ठळक.

"हे मी खोडलं होतं."

"चुकून खोडलंत, सर. भांग म्हणजे भरती-ओहोटीला जोर नसतो ते दिवस. समुद्राकाठी शिकवता, एवढं माहीत हवं."

त्यांचा चेहरा लाल झाला.

"उर्मट आहेस. नापास झालीस म्हणजे?"

"झाले तर गणितात होईन."

त्यांनी सही केली नाही. कागद माझ्याकडे ढकलला. मी तो परत त्यांच्यापुढे सरकवला आणि उभी राहिले. आज सही नाही केली तर उद्या येणार होते, उद्या नाही केली तर परवा. दरवेळी हाच कागद, हाच शब्द. मला काय झेपतं ते मी ठरवणार. आणि माझ्यावर कोणी हसलं, तर त्याच्यासोबत मी पुन्हा हसणार नाही.