शनिवारच्या बाई आणि थोरली

आधी बांगड्या काढायच्या, मग गिटारीला हात लावायचा, अशी शनिवारच्या त्या बाईंची रीत होती. दोन्ही हातांतल्या हिरव्या काचेच्या बांगड्या एकेक करून काढायच्या, मनगटावरचं घड्याळ काढायचं, पदर खोचायचा आणि सगळं रुमालात गुंडाळून माझ्यापुढे धरायचं. "मावशी, धरा हो जरा."

त्या माझ्याहून सहा-सात वर्षांनी तरी मोठ्या असतील. केस पांढरे झालेले, सरकारी नोकरीतून निवृत्त झालेल्या. तरी मी त्यांची मावशी. हातात झाडू असला की बाईचं वय कुणी बघत नाही, हे तुम्हीही पाहिलं असेल.

मी रास्ता पेठेतल्या एका वाद्यांच्या दुकानात अकरा वर्षं साफसफाई करते. दुकान अन्वरभाईंचं. त्यांचे वडील बाजाच्या पेट्या दुरुस्त करायचे, हे गिटारी विकतात. झाडून झालं की भिंतीवरच्या गिटारी पुसायच्या, हे माझं काम. मला बोलायला सुचत नाही, चारचौघांत तर नाहीच. अन्वरभाई म्हणतात, "बाई, तुम्ही बोलत नाही म्हणून हे दुकान टिकलं. बोलणारा एक पुरे."

आतल्या भिंतीवर तीन सिंगल कट गिटारी टांगलेल्या असायच्या. विजेवर वाजणाऱ्या गिटारीच्या खांद्याला, मानेच्या एकाच बाजूला, कुणी चावा घेतल्यासारखी खाच असली की तिला सिंगल कट म्हणतात. जुनी घडण आहे म्हणे, आवाज जाड आणि गोड. मी त्यांना नावं दिली होती, मनातल्या मनात. काळी ती धाकटी, सोनेरी ती मधली आणि मधाच्या रंगाची, कडेला तपकिरी होत गेलेली, ती थोरली. थोरली नवी नव्हती. चार वर्षांपूर्वी कुणीतरी विकायला ठेवून गेलं होतं. पाठीवर लांब ओरखडा, वजन भरल्या कळशीएवढं. खराडीच्या ऑफिसांतली पोरं शनिवार-रविवारी यायची, तिला गळ्यात घालायची, "भाई, काय टोन आहे यार" म्हणायची आणि दहा मिनिटांत खांदा चोळत परत टांगायची. मला बरं वाटायचं.

कारण थोरली माझी होती. म्हणजे तुम्ही विचाराल, कशी? तर तशी नव्हतीच. पण पुसताना फडकं तारेला लागतं आणि तार वाजते. वीज नाही, वायर नाही, नुसतं लाकूड आणि तार. मी बोट लाकडावर ठेवून मनात आकडे म्हणायचे. धाकटी नवाला गप्प व्हायची. मधली बाराला. थोरली सतरापर्यंत बोटाखाली थरथरत राहायची. शुक्रवारी अन्वरभाई नमाजाला गेले की मी तिच्या खांद्याला कान लावायचे. कुणी बघितलं तर काय म्हणेल म्हणून एक डोळा दाराकडे.

आणि मग त्या बाई आल्या आणि पहिल्याच शनिवारी त्यांनी भर दुकानात, सगळ्यांदेखत, थोरलीच्या खांद्याला कान लावला.

अन्वरभाई वायर घेऊन पुढे झाले तर म्हणाल्या, "वायर राहू द्या. आधी लाकूड, मग वीज." एकच तार छेडली, डोळे मिटले. अन्वरभाई काही सांगायला गेले तर हात वर केला. "थांबा. तिला बोलू द्या."

मी जे चोरून करत होते ते त्या उघड करत होत्या आणि अन्वरभाई त्यांच्याकडे मोठ्या आदरानं बघत होते. अकरा वर्षांत त्यांनी मला कधी विचारलं नाही की बाई, यातली चांगली कुठली. बाईंना मात्र पहिल्याच दिवशी बशीतून चहाचा कप आला आणि, "मॅडम, आपल्याला काय वाटतं?"

त्या दर शनिवारी अकराच्या सुमाराला यायच्या. स्कूटर लावायच्या, बांगड्या माझ्या हातात द्यायच्या आणि तिघींना पाळीपाळीनं घेऊन बसायच्या. पोरांसारखी धाडधाड वाजवायच्या नाहीत. एक सूर, मग तो विझेपर्यंत थांबायचं. मग अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या खोक्याला, वायर लावून तोच सूर, हळू, मग जरा मोठ्यानं. एक बटण थोडं फिरवायचं, पुन्हा तोच सूर. दीड तास असा. बसलेली पोरं कंटाळून निघून जायची.

असे दोन महिने झाल्यावर अन्वरभाई म्हणाले, "मॅडम, थोरल्या मुलीचं स्थळ बघतानासुद्धा मी इतकं नव्हतं बघितलं."

"म्हणून जावई तसा मिळाला का?" बाई म्हणाल्या.

अन्वरभाई इतके हसले की चहा सांडला. तो मीच पुसला.

त्यांची गोष्ट मला तुकड्यातुकड्यानं कळली, लादी पुसता पुसता. लग्नाआधी त्या गणपतीत वाजवणाऱ्या एका ऑर्केस्ट्रात होत्या. गिटार त्यांना भावापेक्षा चांगली यायची, पण स्टेजवर गिटार भावाच्या गळ्यात आणि यांच्या हातात खुळखुळा. "पुढे उभी राहा, हसत राहा आणि खुळखुळा हलव. एवढंच काम," त्या सांगत होत्या. मग लग्न, नोकरी, मुलं. "आता सगळ्यांचं झालं. आता माझी पाळी."

हे ऐकून मला वाईट वाटायला हवं होतं. मला राग आला. पाळी यायला आधी कुठल्यातरी रांगेत नाव असावं लागतं. माझं चौथीत असताना शाळेतून काढलं, लोणी काळभोरला, धाकट्या भावंडांना सांभाळायला. आई म्हणाली, चालेल ना गं? मी म्हटलं, चालेल. पुढे स्थळ आलं तेव्हाही तेच म्हटलं. पुण्यात आल्यावर एका खोलीत सहा माणसं, तेव्हाही तेच. खुळखुळासुद्धा कुणी हातात दिला नाही.

असो. सांगायचं आहे ते पुढचं.

आषाढात एका शनिवारी बाईंनी धाकटी बाजूला काढली. "ही नाही. वरवर गोड आहे." मधलीला म्हणाल्या, "ही शहाणी आहे, पण शहाणीच आहे." आणि थोरलीला घेऊन बसल्या त्या उठेनातच. जाताना म्हणाल्या, "अन्वरभाई, बहुतेक हीच. पैशांची सोय लागली की दोन-चार आठवड्यांत नेते."

त्या संध्याकाळी मी एक काम केलं, किंवा केलं नाही असं म्हणा.

दिवसभर गिऱ्हाइकांचे हात तारांना लागतात. घाम राहिला की तार गंजते, आवाज बसतो; पावसाळ्यात तर आठवडाभरात. म्हणून दुकान बंद करायच्या आधी मी प्रत्येक तार कोरड्या फडक्याच्या चिमटीत धरून वरपासून खालपर्यंत ओढून पुसते. अन्वरभाईंनीच शिकवलेलं. एकेका गिटारीला सहा चिमटी. त्या दिवशी मी धाकटी पुसली, मधली पुसली आणि थोरलीसमोरून पुढे गेले. दुसऱ्या दिवशीही. तीन आठवडे.

मधल्या दोन शनिवारी बाई आल्याच नाहीत, मुलीकडे गेल्या होत्या. पोरं मात्र थोरलीला वाजवत होती आणि त्यांचा घाम तिच्यावर तसाच राहत होता. तारा आधी मळकट झाल्या, मग काळपट. मी चुकून फडकं लावलं तेव्हा ती आठलाच गप्प झाली. तरी पुसलं नाही. मनात म्हटलं, कुणाला नकोशी झालीस की माझ्याकडेच राहशील.

चौथ्या शनिवारी त्या आल्या. पिशवीत पैसे होते हे त्यांच्या चालण्यावरूनच कळत होतं. बांगड्या माझ्या हातात दिल्या. थोरली मांडीवर घेतली, कान लावला, तार छेडली. डोळे उघडले. पुन्हा छेडली.

"हिला काय झालं?"

"पावसाळा आहे, मॅडम," अन्वरभाई म्हणाले. "जुनं लाकूड. ओल धरली असेल."

त्यांनी वायर लावून बघितलं, बटणं फिरवली. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा. मग थोरलीला स्वतःच्या हातानं भिंतीवर टांगलं आणि मधली मागितली. दोन सूर वाजवले. अन्वरभाईंकडे बघून जरासं हसल्या.

"हीच देऊन टाका. चालेल."

मला आनंद व्हायला हवा होता. तीन आठवडे मी त्याचीच वाट बघत होते. पण ते 'चालेल' मला ओळखीचं होतं. त्याच्याबरोबर तोंडावर येणारं हसूही ओळखीचं. ते मी आरशात बघितलेलं आहे. अन्वरभाई मधलीची पेटी आणायला वळले आणि माझ्या तोंडातून शब्द बाहेर पडले.

"लाकडाला काही झालं नाही. तारा मेल्यात."

दोघंही माझ्याकडे बघायला लागले. माझी मान खाली.

"मी पुसल्या नाहीत. तीन आठवडे."

"विसरलात?" अन्वरभाईंचा आवाज चढला. "बाई, अकरा वर्षांत कधी..."

बाई उठल्या. मधलीच्या तारांवरून बोट फिरवलं, बोट बघितलं. धाकटीच्या तारांवरून फिरवलं. मग थोरलीच्या. ते बोट काळं झालं.

"दोघींच्या लख्ख आहेत," त्या म्हणाल्या. "एकीलाच कसं विसरतील? आठवणीनं विसरल्या असतील."

मला वाटलं, आता माझी नोकरी गेली. पण त्या अन्वरभाईंना एवढंच म्हणाल्या, "नव्या तारा लावा. मी थांबते."

अन्वरभाईंनी तारा बदलल्या. माझ्याकडे एकदाही न बघता. तेवढा वेळ मी बांगड्यांचा रुमाल घट्ट धरून उभी होते. तारा ताणून झाल्या, सुरात आल्या. बाईंनी थोरलीला घेतलं, कान लावला आणि एक तार छेडली.

बाहेर रिक्षावाला कुणाशी तरी भांडत होता. तार वाजत राहिली, मग नुसती थरथरत राहिली, मग काही नाही.

बाईंनी डोळे उघडले. "किती झाले?"

माझे ओठ हलताना त्यांनी पाहिले होते.

"सतरा," मी म्हटलं.

"माझे सोळा. शेवटचा माझ्याकडून निसटला." त्या माझ्याकडे बघत राहिल्या. पहिल्यांदाच, असं मला वाटलं. "तुम्हाला हवी होती का ही?"

"मला वाजवता येत नाही."

"ते नाही विचारलं मी."

मी रुमालाची गाठ सोडून पुन्हा बांधली. त्यांनी समजायचं ते समजून घेतलं.

"मी मात्र नेणार हं," त्या म्हणाल्या. "वाईट वाटून घेऊ नका असं सांगत नाही. वाटू द्या. भावाच्या गळ्यातली गिटार बघून मी किती जळले, ते माझं मला ठाऊक. एकदा तर कार्यक्रमाच्या आधी त्याच्या गिटारीची गळ्यात अडकवायची पट्टी कापून ठेवली होती मी."

"मग?"

"मग काय. त्यानं सुतळी बांधून वाजवली. आणि टाळ्या घेतल्या."

मला हसू आलं. मग त्याच हसण्यात डोळे भरले. मी फडकं शोधायला आत गेले.

निघताना त्यांनी विचारलं, "हिला रोज काय करायचं, ते दाखवा." मी दाखवलं. फडकं असं धरायचं, चिमटीत तार घ्यायची, मानेपासून खाली यायचं, घाई करायची नाही. त्यांनी माझ्यासमोर सहाही तारा पुसून दाखवल्या. चौथीला घाई केली. मी म्हटलं, "परत." त्यांनी निमूट परत पुसली. मग रुमाल घेतला, बांगड्या घातल्या, आणि थोरली पेटीत ठेवून पेटी स्कूटरच्या पुढ्यात आडवी बसेना म्हणून रिक्षा केली; स्कूटर मुलगा येऊन नेईल म्हणाल्या. "येते हं, ताई," असं रिक्षातून म्हणाल्या.

आल्या मात्र नाहीत. दोन वर्षं होत आली. मनासारखी गिटार मिळालेलं माणूस दुकानात कशाला येईल? अन्वरभाईंनी मला कामावरून काढलं नाही. आठवडाभर बोलले नाहीत, मग एक दिवस एक नवी गिटार माझ्यासमोर धरून म्हणाले, "ही कितीला गप्प होते?" मी दहा म्हटलं. त्यांनी तिची किंमत उतरवली.

तरी एक गोष्ट मी त्या बाईंना सांगितली नाही. मुद्दाम सांगितली नाही.

दुकानाला दोन शटर आहेत. संध्याकाळी अन्वरभाई आधी मोठं शटर धाडकन खाली ओढतात, तेव्हा मी आत असते. त्या दणक्यानं भिंतीवरच्या सगळ्या गिटारी आपोआप, कुणी हात न लावता, गुणगुणतात. अगदी बारीक. एकेक करत गप्प होतात. थोरली सगळ्यांत शेवटी. त्या वेळी मी तिच्या पाठीवरच्या ओरखड्यावर तळहात ठेवून उभी राहायचे. तो तिचा आवाज कुणाच्या बोटांचा नव्हता, वायरीचा नव्हता. तो माझ्याशिवाय कुणी ऐकला नाही.

बाईंच्या घरी सगळं असेल. अॅम्प असेल, वेळ असेल, दार बंद करता येईल अशी खोली असेल. शटर नाही.

आजही शटर पडलं. धाकटी गप्प झाली, मधली गप्प झाली, नव्या आलेल्या दोघीही झाल्या. रिकाम्या खिळ्यासमोर मी अजून थोडे आकडे म्हणत उभी राहिले. सतराला बाहेरून अन्वरभाईंनी हाक मारली, तेव्हा निघाले.