ओरडा फोनवर, कौतुक ईमेलवर

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस आमच्या ठाण्याच्या नौपाड्यातल्या ऑफिसात ईमेल आली, तेव्हा लोकांच्या कमरेला पेजर आधीच लटकत होते. आमची रंगांची फॅक्टरी डोंबिवलीत. तिकडे कोणता निरोप कसा धाडायचा हे मॅनेजर बाई ठरवायच्या, आणि मी त्यांची टायपिस्ट. अशी बाई मी पुन्हा पाहिली नाही.

पेजरवर निरोप द्यायचा तर आधी पेजर कंपनीच्या ऑपरेटर मुलीला सांगावा लागे. बाई म्हणायच्या, "परक्या पोरीच्या तोंडून आपल्या माणसाला कशाला झापायचं?" आणि ईमेल म्हणजे तर दवंडीच. फॅक्टरीत कॉम्प्युटर एकच. आलेली प्रत्येक ईमेल तिथला क्लार्क इमानेइतबारे छापून नोटीस बोर्डावर डकवायचा. एकदा मालकांच्या भाच्याच्या मुंजीचं आमंत्रणही तिथे आठवडाभर लटकलं होतं. म्हणून बाईंचा शिरस्ता ठरलेला: घाईचं पेजरवर, ओरडायचं फोनवर, कौतुक तेवढं ईमेलवर.

एका सकाळी कळलं, दुसऱ्या पाळीच्या नव्या केमिस्टने भलताच व्हॉल्व्ह उघडला आणि रंगाची अख्खी बॅच वाया गेली. पोरगा प्रोबेशनवर, महिनाअखेरीस कायम व्हायचा होता. मालक तणतणत आले.

"बाई, आत्ताच्या आत्ता ईमेल टाका. त्याची चूक सगळ्यांना कळू दे!"

एकदा हे बोर्डावर चढलं की त्याची नोकरी गेलीच म्हणायची.

बाईंनी पेजरवर एवढंच धाडलं: ऑफिसला फोन कर. त्याचा फोन आला आणि बाईंनी त्याला असं काही फैलावर घेतलं की माझं टायपिंग थांबलं. मग आवाज उतरवून विचारलं, "आता सांग बघू, झालं कसं?" तो सांगत गेला, त्या ऐकत गेल्या.

फोन ठेवून त्यांनी मला ईमेल सांगितली. शेजारशेजारच्या दोन व्हॉल्व्हच्या मुठी एकसारख्या आहेत, त्यामुळे चूक होते. एकीला आजच पिवळा रंग द्यावा. ही सूचना दुसऱ्या पाळीच्या केमिस्टची, त्याचे आभार.

मालकांनी वाचलं. "बाई, मी काय सांगितलं होतं?"

"चूक सगळ्यांना कळू दे म्हणालात ना? कळेल की! आता दुसरा कोणी ती करायचा नाही."

मालक आत गेले. रंगांच्या फॅक्टरीत मुठींनाच रंग लावलेला नाही, याचं त्यांनाच हसू आलं असावं.

महिनाअखेरीस फोन वाजला. तोच पोरगा. "मॅडमना द्या ना, पर्मनंट झालो!" मी रिसीव्हर बाईंना दिला.

"अरे, मग हे फोनवर काय सांगतोस? ईमेल कर!" म्हणत त्यांनी फोन ठेवलाही. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आली की दोन प्रिंट काढ. एक आपल्या बोर्डावर लाव, एक मला दे."