खंडेनवमीचं अपडेट

भिवंडीत लहानाचं मोठं झालेल्या माणसाला मशीन म्हणजे काय, हे शिकवावं लागत नाही. लूमचा एक पार्ट एका कंपनीचा, दुसरा भलत्याच कंपनीचा, तिसरा कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्यानं ठोकून दिलेला. कापड निघतंय ना? मग झालं तर! हा पार्ट कुणाचा, असं लूमनं आजवर कुणाला विचारलेलं नाही. म्हणून त्या खंडेनवमीला आमच्या टीव्हीवर जी पाटी आली, ती वाचून माझं डोकंच चालेना.

आधी दादाचं सांगते. दादा म्हणजे माझा सख्खा थोरला भाऊ. भिवंडीतच टेमघरला आम्ही एकाच घरात राहतो, खाली तो आणि वहिनी, वर मी. दादा लूमवर होता. एका दिवसपाळीत त्याचा उजवा हात गिअरमध्ये गेला आणि अंगठा तेवढा काय तो शिल्लक राहिला. त्याआधी हा माणूस आमच्या गावच्या टीमचा ओपनर होता. टेनिस बॉलच्या टुर्नामेंटला पार वज्रेश्वरीकडची माणसं ट्रक करून यायची, ती याचे सिक्स बघायला. हात गेल्यावर त्यानं मैदानाचा रस्ताच सोडला. माणसं भेटली की आधी हाताकडे बघायची आणि मग "बिचारा" म्हणायची. या एका शब्दाची त्याला इतकी चीड, की तो भाजी आणायलासुद्धा बाहेर पडेना.

मी गोदामात स्कॅनिंगला आहे. देशभरातला माल आधी आमच्या भिवंडीत उतरतो, मग पुढे जातो. त्यात हे टीव्हीला जोडून गेम खेळायचं मशीनही येतं. खोका चेपलेला म्हणून एक मशीन स्टाफला देऊन टाकायचं होतं, ते मी दादासाठी घरी आणलं. त्यावर एक क्रिकेटचा गेम होता. तो मशीनवाल्या कंपनीचा नव्हे, बाहेरच्या कुणा चार पोरापोरींनी बनवलेला, पण होता झकास. कुठल्या बटणानं काय करायचं ते आपल्याला हवं तसं बदलता यायचं. अडचण एकच. हातात धरायचा कंट्रोलर दोन धडधाकट हातांचा होता.

ती अडचण चाचांनी सोडवली. चाचा म्हणजे दादाच्या कारखान्यातले जॉबर, लूम बिघडली की दुरुस्त करणारे. मूळचे उत्तरेकडचे, पण उभा जन्म इथेच गेला. त्यांनी बाजारातून दुसऱ्याच कुणा कंपनीचा कंट्रोलर आणला, फोडला, त्याच्या वायरी काढून फळीवर मोठी बटणं बसवली आणि खाली शिलाई मशीनचं जुनं पायडल जोडलं. डाव्या हातानं दिशा, पायानं फटका. पहिल्यांदा पायानं सिक्स मारला तेव्हा दादा असा ओरडला, की वहिनी हातातल्या पळीसकट बाहेर आली. काय झालं, काय झालं करत. दादा हसत होता हो! किती दिवसांनी, ते मला सांगवत नाही.

मग नवरात्रात आमच्या मंडळानं मंडपात मोठा पडदा लावून याच गेमची टुर्नामेंट ठेवली. दादा स्वतः चालत गेला आणि नाव देऊन आला. आम्ही दोघी एकमेकींकडे बघतच राहिलो. "पडद्यावर तरी दाखवतो त्यांना," एवढंच तो म्हणाला. मॅच खंडेनवमीच्या संध्याकाळी होती.

आता खंडेनवमीला इथे काय करतात? मशीन पुसायची, तेल घालायचं, जो पार्ट कुरकुरतोय तो नीट करायचा आणि मग हळदकुंकू, झेंडूची माळ. तेलपाणी न करता पूजा करणं म्हणजे अंघोळ न करता देवापुढे बसणं, असं दादा मानतो. टीव्हीवर कित्येक दिवस 'अपडेट करा, अपडेट करा' असं येत होतं. घरात मोबाइलचंच नेट, म्हणून आम्ही ते पुढे ढकलत होतो. सकाळी फळी पुसून, पायडलला तेल देऊन झाल्यावर दादा म्हणाला, "याचंबी तेलपाणी करून टाकू. सणाचा दिवस हाय." त्यानंच बटण दाबलं. अपडेट झालं. वहिनीनं माळ घातली, मी नारळ फोडला.

आणि मग ती पाटी. हे जोडलेलं सामान कंपनीच्या मान्यतेचं नाही, ते आता चालणार नाही. खाली अधिकृत सामान खरेदी करा म्हणून बटण.

दादानं पायडल दाबलं. पुन्हा दाबलं. पडद्यावरचा बॅट्समन जागचा हलेना. चाचा धावत आले, सगळ्या वायरी एकेक करून तपासल्या आणि फळी मांडीवर ठेवून तसेच बसून राहिले. "बेटी, वायर तो सब ठीक है," असं पुन्हा पुन्हा म्हणत होते. ठीक असलेली वस्तू चालत नाही, हे त्यांना पटेचना. मलाही पटेना.

मी तिरीमिरीत आमच्या सुपरवायझरला फोन लावला. तो या मालातला जाणकार. म्हणाला, "अगं, हा त्यांचा धंदाच आहे. मशीन काय एकदाच विकलं जातं, खरी कमाई वरच्या सामानावर. बाहेरच्याचं सामान चालू दिलं तर यांचं कोण घेणार?"

"मग तो गेम? तोही बाहेरच्यांचाच आहे की!"

"गेमवाल्यांना या या म्हणतात, कारण विकलेल्या प्रत्येक गेममधून यांना हिस्सा जातो. सामानवाला यांना न विचारता विकतो, म्हणून तो नको. वर सांगताना सांगायचं, चीटिंग रोखायला केलंय."

चीटिंग! मेल्यांनो, एका हातानं नि पायानं खेळणारा माणूस चीटिंग करतो? मी फोनवर काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मग डोळ्यांसमोर आमच्या गोदामातले रॅक आले. त्या कंपनीचं अधिकृत सामान मीच रोज स्कॅन करते. लाल कंट्रोलर, निळा कंट्रोलर, चमचमता कंट्रोलर, कानाला लावायचे, मशीनला घालायचे, कशाकशाचे खोके. त्यात एका हाताच्या माणसासाठी काहीच नव्हतं. मी आठवून आठवून बघितलं.

त्या गेमवाल्यांनाही मी तक्रार लिहिली. त्यांचं उत्तर दुपारीच आलं, फार चांगलं होतं. वाईट वाटलं म्हणाले, पण या बाबतीत आम्हाला कुणी विचारत नाही, आम्हीही त्यांच्या घरातले भाडेकरूच. त्यांचा तरी काय दोष?

संध्याकाळी मी म्हटलं, "दादा, राहू दे, जाऊ नकोस." तो म्हणाला, "नाव दिलंय." आणि गेला. मंडळाच्या मशीनवरही फळी चालेना, म्हणून त्यांचाच साधा कंट्रोलर त्यानं मांडीवर ठेवला आणि डाव्या हातानं जमेल तसं दाबू लागला. पहिला बॉल हुकला. दुसरा हुकला. मग समोरचा खेळाडू मुद्दाम हळू, अगदी बॅटवर येतील असे बॉल टाकू लागला. मला ते कळलं, म्हणजे दादाला कधीच कळलं असणार. ज्याला बॉल टाकायला भलेभले घाबरायचे, त्याला आता दयेचे बॉल. त्यावरही तो आउट झाला. लगेच माइकवाला ओरडला, "दादांसाठी एकदा जोरदार टाळ्या होऊन जाऊ द्या!" अख्ख्या मंडपानं टाळ्या वाजवल्या. कुणाच्या मनात वाईट नव्हतं, हेच तर सहन होईना.

घरी आल्यावर चाचांनीच विषय काढला. म्हणाले, "कंपनीवाला असली कंट्रोलर ले आओ, उसको खोल देता हूँ. वही बटन, वही पैडल." मी तर उड्याच मारायला लागले. उद्याच आणते म्हटलं, दसऱ्याला पुन्हा फळी तयार! वहिनीनं दादापुढे पाणी ठेवलं. त्यानं ते घेतलं नाही.

"नको," तो म्हणाला.

"अरे, नको काय? एक दार बंद केलं त्यांनी, आपण दुसरीकडून जाऊ!" मी तावातावानं बोलत होते.

तो माझ्याकडे बघत होता, पण आवाज चढला नाही. "लूममधी हात गेला ना, तवा शेठ अनवाणी पलत आला आनि मेन स्विच पाडला. लूमला काय कलतंय गं? ती चुकून झालेली गोष्ट. हे त्यांनी बसून, इचार करून केलंय. आता परत त्यांच्याच मशीनमधी हात घालू?"