भोपाळ दोनदा विलीन झालं

"मॅडम, माझा एक मार्क तुमच्याकडे राहिलाय."

मुन्नालाल विश्वकर्मा माझ्या टेबलासमोर उभे होते. मशीन शॉपमधले टर्नर, लेथवर चोवीस वर्षं. हे वाक्य ते हिंदीत बोलले होते, अगदी शांतपणे.

मी तेव्हा भोपाळच्या एका सरकारी कारखान्यात ट्रेनिंग ऑफिसर होते. कामगारांमधून चार्जमन निवडायचे, म्हणजे हाताखाली माणसं सांभाळणारा पहिल्या पायरीचा सुपरवायझर, तर त्यासाठी डिपार्टमेंटल परीक्षा असे. आधी ट्रेड टेस्ट, मग जनरल नॉलेजचा पन्नास मार्कांचा पेपर. त्यात निम्मे प्रश्न भारताच्या इतिहासावर. टर्नरला पानिपतची लढाई कशाला यावी लागते, हे मी कधी विचारलं नाही. पासिंग चाळीस टक्के, म्हणजे वीस मार्क.

मुन्नालालनी ट्रेड टेस्टला कातलेला शाफ्ट इन्स्पेक्टरने तीनदा मोजला आणि काही न बोलता परत ठेवला. आमच्याकडे ही सर्वांत मोठी शाबासकी. पेपरात मात्र त्यांना एकोणीस मार्क पडले होते. वयाच्या अटीमुळे ही त्यांची शेवटची संधी होती.

नियमाप्रमाणे मी उत्तरपत्रिका काढली. त्यांनी एका प्रश्नावर बोट ठेवलं. 'भोपाळ संस्थान भारतात कधी विलीन झाले?' त्यांचं उत्तर होतं १ जून १९४९. त्यावर लाल फुली होती.

"आन्सर कीमध्ये पंधरा ऑगस्ट सत्तेचाळीस आहे," मी म्हटलं.

"की कोणी बनवली?"

मीच बनवली होती. बाकीचा पेपर टी. टी. नगरच्या दुकानातून आणलेल्या गाइडमधून उतरवलेला होता. हा एकच प्रश्न माझ्या डोक्यातला. म्हटलं, चवीपुरतं काही स्थानिक असावं. उत्तर शोधायची गरज वाटली नाही. देश स्वतंत्र झाला तो दिवस माहीत होता, भोपाळ देशातच होतं, झालं. आमचं कुटुंब राज्य पुनर्रचनेनंतर वडिलांच्या ऑफिसबरोबर नागपूरहून इथे आलं. भोपाळचा इतिहास आम्ही आलो तेव्हापासून सुरू होतो, अशी आमची सगळ्यांचीच समजूत होती.

"मी अकरा वर्षांचा होतो," मुन्नालाल म्हणाले. "आदल्या थंडीत विलीनीकरणासाठी सत्याग्रह झाला. बाबूजी तीन आठवडे तुरुंगात होते. आई रोज डबा घेऊन फाटकापर्यंत जायची. पंधरा ऑगस्टलाच सगळं झालं होतं, तर बाबूजी जेलमध्ये कशाला गेले, मॅडम?"

याचं उत्तर कीमध्ये नव्हतं.

दुपारी टाउनशिपच्या लायब्ररीत गेले. तिथल्या बाईंनी जुनं गॅझेटियर काढून दिलं. पंधरा मिनिटांत कळलं की नवाबांनी सत्तेचाळीसमध्ये सामीलनाम्यावर सही केली खरी, पण राज्यकारभार त्यांच्याकडेच राहिला. विलीनीकरण एकोणपन्नासच्या एक जूनचं. पेपर काढण्याआधी मला एवढीच पंधरा मिनिटं खर्चायची होती.

पर्सोनेल मॅनेजर सक्सेना साहेबांकडे गेले.

"की अप्रूव्ह झाली आहे ना?" त्यांनी विचारलं.

"हो, सर."

"कोणी केली?"

"तुम्ही."

"मग चुकेल कशी?"

मी गॅझेटियरचं पान पुढे केलं. त्यांनी वाचलं, चष्मा काढला. "बहुतेक सगळ्यांनी पंधरा ऑगस्ट लिहिलंय. की बदलली तर त्यांचा एकेक मार्क जाईल. त्यातले चौघे काठावर पास आहेत. युनियन माझ्या केबिनमध्ये बसेल." मग म्हणाले, "प्रश्नच रद्द करा. ज्यांना मार्क दिलाय, त्यांचा मात्र काढू नका."

मला हायसं वाटलं. रद्द प्रश्नाला उत्तर नसतं, त्यामुळे चूकही नसते. मी टेबलावर येऊन हिशेब केला. पेपर आता एकोणपन्नास मार्कांचा. चाळीस टक्के म्हणजे साडेएकोणीसच्या वर, म्हणजे वीसच. मुन्नालाल एकोणीसवर होते तसेच राहणार. ज्याचं उत्तर बरोबर, तोच एकटा बाहेर.

रद्द करायची नोट मी अर्धी टाइप केली होती. तेवढ्यात मुन्नालाल दारात आले. निकाल नाही विचारला. एवढंच म्हणाले, "लायब्ररीत गेला होतात म्हणे."

मी कागद मशीनमधून ओढून काढला. दुसरा घातला. 'सदर प्रश्नाचे उत्तर माझ्याकडून चुकीचे देण्यात आले. पडताळणी न केल्याची जबाबदारी माझी आहे.' ऑफिसची भाषा इंग्रजी होती, त्यामुळे ते वाक्य जरा कमी लाजिरवाणं वाटलं. सोबत गॅझेटियरच्या पानाची कॉपी जोडली.

सक्सेना साहेब नोट वाचून म्हणाले, "हे तुमच्या फाइलला लागेल. समजतंय ना?"

"हो, सर."

"मग आता मला काहीतरी करावं लागणार," ते वैतागून म्हणाले.

तीन दिवसांनी नोटीस बोर्डावर ऑफिस ऑर्डर लागली. सक्सेना साहेबांनी युनियनशी बोलून ती स्वतः लिहिली होती. या परीक्षेपुरते, भोपाळच्या विलीनीकरणाच्या १५ ऑगस्ट १९४७ आणि १ जून १९४९ या दोन्ही तारखा बरोबर धरण्यात येतील. खाली सही, शिक्का, प्रत सर्व विभागांना.

कोणाचा मार्क गेला नाही. मुन्नालालना विसावा मिळाला. ऑर्डर वाचून ते माझ्या केबिनमध्ये आले.

"मैडम, भोपाल के दो बार फेरे करवा दिए आप लोगों ने."

"चालेल ना?"

"पास तो झालो," ते मराठी-हिंदीच्या मधल्या भाषेत म्हणाले. "पण बाबूजींना हे सांगता आलं नसतं."

चार्जमन म्हणून त्यांनी नऊ वर्षं काम केलं. त्यांच्या सेक्शनमधून माप चुकलेला जॉब फारसा कधी परत आला नाही.

मला यापुढे दक्षता बाळगण्याचा मेमो मिळाला. पुढच्या वर्षी इतिहासाचे प्रश्न पुन्हा माझ्याकडेच आले. मला त्या विषयाचा अनुभव आहे, असं शेऱ्यात लिहिलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक पेपर छापण्याआधी लायब्ररीतल्या बाईंकडे पाठवत असे. त्या दर दहा प्रश्नांमागे दोन परत पाठवायच्या. परत आलेले प्रश्न बहुतेक वेळा तेच असत, ज्यांची उत्तरं मला अगदी पक्की माहीत होती.