सगुणा धवलारणीचं पान

सगुणाबाईंना अपमान गिळता येतो. पचवता येत नाही.

कासूजवळच्या खाडीकाठच्या गावात त्या धवलारीण आहेत. हळदीला धवले गायचे, देवांची आणि घरातल्या वडीलधाऱ्यांची नावं घेऊन सगळ्यांना मांडवात बोलवायचं, हे त्यांचं काम. पार निडी-रोह्यापर्यंत त्यांना मागणी असते. गावची रीत अशी, की हळदीच्या पंगतीत पहिलं पान धवलारणीचं. तिने घास उचलल्याशिवाय कुणी भाताला हात लावत नाही.

सहा वर्षांपूर्वी कमळाकरच्या थोरल्या मुलीच्या हळदीला त्या अशाच पहिल्या पानावर बसल्या होत्या. दोन घास झाले असतील. कमळाकर कंपनीत मजूर पुरवणारा ठेकेदार. त्याचे साहेब ऐन वेळी आले आणि पंगत भरलेली. तो वाकून म्हणाला, "मावशे, उठ गो जरा. तुला काय, कुठंबी बसलीस तरी चालतं."

सगुणाबाई पान हातात घेऊन उठल्या. मांडवामागे, भांडी घासायच्या चिखलात बसून जेवल्या. दुसऱ्या दिवशी लग्नही पार पाडलं.

त्यानंतर पेणच्या बाजारात कमळाकर दिसला, की त्याच आधी विचारायच्या, "बरा हायस ना? पोरी काय म्हनतात?" त्यांची सून मृणाली चिडायची.

"आये, त्याच्याशी गोड कशाला बोलतेस?"

"राग दाखवला तर मानूस सावध होतो गो. मला तो बेसावध पायजे."

यंदा धाकट्या सुरभीचं लग्न ठरलं. कमळाकरची बायको चंद्रावती नारळ-सुपारी घेऊन आली. सगुणाबाईंनी लगेच नारळ उचलला.

"तुला लाज कशी नाय वाटत?" चंद्रावती गेल्यावर मृणाली म्हणाली.

"नाय गेली तर तो म्हनेल, म्हातारी रुसली. चार दिसांत विसरून जाईल. मला विसरू द्यायचं नाय."

हळदीला त्यांनी सगळे धवले गायले. एक नाव गाळलं नाही, कमळाकरचंही नाही. पोरीच्या हळदीत उणं ठेवायचं नव्हतं. तिने काही केलं नव्हतं. मग पंगत बसली. पहिल्या पानावर भात आला, वालाची भाजी आली. तेवढ्यात साहेब आले. या खेपेला कमळाकरने त्यांच्यासाठी वेगळं टेबल मांडलं होतं. तरीही सगुणाबाई घास न घेता पान उचलून उभ्या राहिल्या.

"या साहेब, इथं बसा," त्या म्हणाल्या. माइकशिवाय मांडव भरणारा आवाज. "या घरात साहेब आले का धवलारीण उठते. मागल्या हळदीला कमळाकरशेठनीच शिकवलं."

आणि त्या मांडवामागे जाऊन बसल्या.

भाताला कुणी हात लावेना. मग म्हातारी धोंडुबाई आपलं पान घेऊन उठली आणि मागे सगुणाबाईंशेजारी जाऊन बसली. तिच्यामागून बायका, बायकांमागून पुरुष. साहेबांनी चंद्रावतीला विचारलं, काय झालं? तिने होतं तसं सांगितलं. "आम्ही निघतो," मोठे साहेब म्हणाले. कमळाकर गाडीपर्यंत त्यांच्या मागे धावला. गाडी थांबली नाही.

तो परत आला तेव्हा त्याची पांढरी विजार चिखलाने भरली होती. त्याला येताना पाहून सगुणाबाईंनी पहिला घास घेतला. मागची पंगत जेवू लागली.

"मावशे, चुकलं," तो हात जोडून म्हणाला. "चल, तुझ्या पानावर बस."

"आता कशी उठू? जेवत्या मानसाला उठवू नये, शेठ."

कमळाकर उभाच राहिला. सगुणाबाईंनी भातात खळगा केला.

"वरण वाढ," त्या म्हणाल्या.

तो चिखलात उकिडवा बसून वाढू लागला. सगुणाबाईंनी तीनदा भात घेतला. इतक्या सावकाश जेवताना त्यांना कुणी कधी पाहिलं नव्हतं.