अण्णांच्या दारातलं पायपुसणं

मित्रांनो, खरं तर आनंदाची बातमी सांगणार होतो. आमच्या कारखान्यात चादरींची कातरण फेकून द्यायचो. तिच्यापासून विणलेल्या पायपुसण्यांची पहिली मोठी ऑर्डर आज दुपारी गेली. नफा आता त्यातच आहे, चादरीत राहिला नाही.

संध्याकाळी हौसेनं एक पायपुसणं घरी आणून दारात टाकलं. आमच्या अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, जन्मभर चादरीच विणल्या. ते बाहेरून आले, खाली बघितलं आणि पायपुसण्याच्या कडेकडेनं आत गेले.

"अण्णा, पाय पुसायलाच हाय की ते!"

"व्हय. पण सूत आपलं हाय."

आत्ता आईनं ते उचललं, घडी घातली आणि चादरींच्या कपाटात ठेवलं.

उद्यापासून हीच विणायचीत. सांगा, कशी विणू?